पातळांखालची गाडी

१९६१च्या नोव्हेंबरात आमचे म्युनिकचे घरमालक, हेर ब्रांडल, खुब्याच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात गेले आणि जाताना आपली १९३६ सालची उघड्या टपाची गाडी आमच्या स्वाधीन करून गेले. मार्चमध्ये ती सुरू झाली नाही, तर त्यांचा भाचा तिला भंगारात काढणार होता. गाडी गेली तर म्हातारा खचेल, हे मला दिसत होतं.

आमचे हे, श्रीरंगराव, तिथे डॉक्टरेट करत होते, त्यामुळे हिवाळाभर गाडी कशी जपायची हा प्रश्न आपल्याला सुटलाच असं त्यांनी धरून टाकलं. सांगलीला पावसाळ्याआधी गुळाच्या ढेपा झाकतात तशी त्यांनी गाडी ताडपत्रीत करकचून आवळली. वरून थेंब येणार नाही, म्हणाले. आठवड्याने मी ताडपत्रीचं टोक उचललं, तर आतून पाणी ओघळत होतं. शेडची जमीन मातीची. ओल खालून येत होती आणि आम्ही ती कोंडून ठेवली होती.

मी यांना गाडी बाहेर ढकलायला लावली आणि तीच ताडपत्री जमिनीवर अंथरली. वर घालायला माझी जुनी सुती पातळं जोडून पांघरूण शिवलं. हिरवी-जांभळी पातळं बघून शेजारी काय म्हणतील, याची यांना चिंता. म्हटलं, खुशाल म्हणू देत. कोरडी थंडी असली की मी शेडचं दार उघडायची, धुकं पडलं की लावून घ्यायची. हिवाळाभर हेच चाललं.

मार्चमध्ये ब्रांडल काठी टेकत आले. मागोमाग भाचा. बॅटरी बसवली आणि इंजिन एका दमात सुरू झालं. मला इतका आनंद झाला, की मी भर अंगणात यांचा हात धरला. पण गाडीत बसलेल्या ब्रांडलना ऑपरेशन झालेल्या पायाने क्लच दाबता येईना. त्यांनी इंजिन बंद केलं. आता ठेवून काय उपयोग, असं भाचा हळूच म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. हिवाळाभर मी काय भंगारवाल्यासाठी राबले होते?

"हेर ब्रांडल, पलीकडे सरका," मी म्हटलं. "नाशिकला मी वडिलांची जीप चालवायची."

काठीला धरून ते पलीकडच्या सीटवर सरकले. मग म्हणाले, "आल्झो, बरं तर, बसा."

"अगं, लायसन्स," असं हे म्हणेपर्यंत मी गिअर टाकला होता. अंगणातच सफरचंदाच्या झाडाभोवती फेऱ्या मारल्या. ब्रांडल रडत होते आणि रडता रडता माझ्या गिअर टाकण्यावर चिडतही होते.

रस्त्यावर न्यायला जर्मन परवाना हवा होता. तो मी मे महिन्यात काढला.