हात धुण्याच्या वर्गातला माऊस

मी एक जुना माऊस आहे आणि मला माणसांच्या हातांची किळस येते. मित्रांनो, आत्मवृत्ताची सुरुवात अशी करू नये हे मला ठाऊक आहे. आधी जन्म सांगावा, मग कौतुक, मग म्हातारपण. पण तुम्ही नऊ वर्षे एका रुग्णालयाच्या ट्रेनिंगच्या खोलीत पडून राहा, दिवसाला तीस-चाळीस तळव्यांखाली सरपटा आणि मग मला रीतभात शिकवा.

जन्म थोडक्यात सांगतो. कारखान्यातल्या पट्ट्यावरून माझ्यासारखी हजारो भावंडे सरकत बाहेर पडली, त्यांतला मी एक. पोटाशी तांबडा दिवा, पाठीवर दोन बटणे आणि त्यांच्या मधोमध रबराचे एक चाक. ते बोटाने फिरवले की पडद्यावरचे पान वर-खाली सरकते. पडद्यावर फिरणारा बाण म्हणजे मीच, म्हणून पानांवर काय लिहिले आहे तेही मला कळते. या चाकाचा मला फार अभिमान होता. खोक्यातून काढल्यावर ट्रेनिंगवाल्या साहेबांनी ते दोनदा फिरवले आणि "लोण्यासारखं चालतंय," म्हणाले. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, मला चारच मिळाले. पाचव्या दिवशी साहेबांनी चहात बुडवून बिस्कीट खाल्ले आणि त्याच बोटांनी मला धरले.

तेव्हापासूनचा प्रत्येक हात मला आठवतो. मलमपट्टी करणाऱ्याच्या बोटांना मलम, स्वयंपाकघरातल्या माणसाच्या बोटांना तेल. कोठीवाले तर तळहातावर शिंक झेलायचे आणि तोच तळहात माझ्या पाठीवर ठेवायचे. एक जण बोलता बोलता कान कोरायचा, मग सावकाश क्लिक करायचा. हे सगळे माझ्या चाकाच्या फटीत जाऊन बसले. त्यावर केस आले, धूळ आली आणि तिसऱ्या वर्षी चाक फिरायचे बंद झाले. कोणाला पत्ताही लागला नाही. रजेचा अर्ज भरायला दोन बटणे पुरतात.

तुम्ही म्हणाल, रुग्णालयात पुसणाऱ्यांची काय कमी? पण एकदा कोणीतरी ओल्या फडक्याने कीबोर्ड पुसला आणि तो बंद पडला. साहेबांनी लगेच भिंतीवर पाटी लावली: 'सफाई कर्मचाऱ्यांनी संगणकाला हात लावू नये.' म्हणजे साऱ्या इमारतीत ज्यांचे हात दिवसातून वीस वेळा धुतले जातात त्यांना मनाई, आणि बाकीच्यांना मोकळे रान.

यंदा वरून हुकूम आला. प्रत्येक कर्मचाऱ्याने संगणकावर एक ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण करायचा. विषय, हातांची स्वच्छता. पाने चाळीस. वरच्या बाजूला एक पट्टी, ती शिकाल तशी हिरवी होत जाणार आणि टक्के दाखवणार. शुक्रवारी पाचपर्यंत ज्याचे शंभर टक्के होणार नाहीत त्याला शनिवारपासून रुग्णांच्या आसपास काम नाही. खोटे कशाला बोलू, मला आनंद झाला. वाटले, आता तरी ही माणसे सुधारतील.

कसली सुधारतात! नोंदणी विभागात एक कारकून आहे, त्याला सगळे चटपट म्हणतात. त्याने जाहीर केले की आपापला पासवर्ड चिठ्ठीवर लिहून द्या, मी माझ्या टेबलावरच्या नव्या संगणकावर तुमचा अभ्यासक्रम उरकतो. न वाचता पुढे, पुढे, पुढे. माणशी चार मिनिटे. दोनशे माणसांचे हात असे स्वच्छ झाले. छपाईचे यंत्र आमच्या खोलीत असल्यामुळे प्रमाणपत्रे काढायला मात्र सगळे माझ्याकडे आले. 'मी हात धुण्याची योग्य पद्धत शिकलो आहे' असा कागद ज्या बोटांनी त्यांनी उचलला, त्या बोटांबद्दल न बोललेले बरे. मला शिसारी आली.

माझ्यापाशी बसून शिकणारे एकच माणूस उरले. बाळांच्या खोलीतल्या मावशी. नुकत्या जन्मलेल्या बाळांची खोली त्या चौदा वर्षे पुसत आल्या होत्या; फरशी, पाळणे, दाराच्या कड्या. त्यांचे हात कोपरापर्यंत धुतलेले, साबणाने कोरडे पडलेले. त्यांनी मला धरले तेव्हा नऊ वर्षांत पहिल्यांदा मला अंग चोरावेसे वाटले नाही. लाज मात्र वाटली, कारण मळ लागत होता तो माझा त्यांना. उठल्यावर त्या पुन्हा हात धुऊनच बाळांकडे जायच्या.

चटपटने त्यांच्याकडेही चिठ्ठी मागितली होती. मावशी म्हणाल्या, "शिकायचं मला आहे. उद्या बाळंही तुझ्याकडेच देऊ का सांभाळायला?"

त्यांनी प्रत्येक ओळ बोट ठेवून, अर्ध्या आवाजात वाचली. दोन तास लागले. पट्टी सत्त्याण्णव टक्क्यांवर आली आणि शेवटच्या पानावर लिहिलेले दिसले: 'खालील बटण दाबल्यावरच तुमची प्रगती नोंदवली जाईल.' खाली बटण नव्हते. म्हणजे होते, पण ते पान लांब होते आणि बटण पडद्याच्या काठाखाली लपले होते. माझे चाक एकदा फिरले असते तर ते वर आले असते. पण ते चाक फिरते हेच मावशींना माहीत नव्हते, आणि त्यांचे बोट चुकून त्यावर पडले तरी ते दगडासारखे बसून होते. त्यांनी वाट पाहिली आणि शेवटी कोपऱ्यातली फुली दाबली. दुसऱ्या दिवशी उघडून पाहतात तर ये रे माझ्या मागल्या! पान पहिले, टक्के शून्य.

साहेबांनी सांगितले, लक्ष देऊन करा. मावशींनी हळूच विचारले की हे जरा चिकट आहे, पुसून घेऊ का? साहेबांनी पाटीकडे बोट दाखवले. मग त्यांनी मदतीच्या नंबरवर फोन लावला. तिथला माणूस उंटावरून शेळ्या हाकणारा. त्याच्यासमोर एक यादी असावी. जुन्या नोंदी पुसा म्हणाला, पुसल्या. यंत्र बंद करून चालू करा म्हणाला, केले. दुसरी खिडकी उघडी आहे का, अमुक परवानगी दिली आहे का, दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडून पाहा. मावशी परोपरीने सांगत होत्या की खाली बटणच दिसत नाही. तो म्हणाला, म्हणजे पान नीट उघडलं नाही, पुन्हा पहिल्यापासून करा. प्रत्येक उपायामागे पुन्हा चाळीस पाने, ड्यूटी संपल्यावरचे दोन तास. असे आठ वेळा झाले. आठही वेळा दोष माझा होता आणि मला तोंड नव्हते.

गुरुवारी साहेबांनी नोंदवही उघडली आणि भरल्या खोलीत विचारले, "मावशी, हात धुवायला शिकायला सोळा तास लागतात का हो?" सगळे हसले. चार मिनिटांत शिकलेले दोनशे जण! माऊसला ओकता येत नाही, नाहीतर त्या दिवशी टेबल भरले असते.

शुक्रवारी दुपारी अडीच वाजता मावशी आल्या तेव्हा चटपट कोरी चिठ्ठी घेऊन उभाच होता. त्याच्या मनात वाईट नव्हते, हे मला मान्य केले पाहिजे.

"हट्ट सोडा आता," तो म्हणाला. "उद्यापासून कचऱ्याच्या शेडवर जायचंय का? चार मिनिटांचं काम आहे."

मावशींनी ती चिठ्ठी घेतली. मग माझ्याशेजारी ठेवली. "एकदा शेवटचं करून बघते," म्हणाल्या. "नाही झालं तर लिहून देते."

नववे वाचन सुरू झाले. सत्ताविसाव्या पानावर एक वाक्य आहे: 'ज्या वस्तूला अनेकांचे हात लागतात ती आधी स्वच्छ करा, नाहीतर धुतलेला हातही पुन्हा अस्वच्छ होतो.' आठ वेळा त्यांनी ते वाचले होते. या वेळी त्या थांबल्या. आपला तळहात त्यांनी पाहिला, त्यावर काळी रेघ होती. मग मला पाहिले, मग पाटीला. आणि त्यांनी मला संगणकापासून सोडवून सरळ मांडीवर घेतले.

खिशातून स्पिरिटचा बोळा निघाला, केसांतून आकडा निघाला. त्यांनी माझी पाठ पुसली, बटणांच्या कडा पुसल्या आणि आकड्याचे टोक चाकाच्या फटीत घातले. जे बाहेर आले ते मलाच बघवेना. काळे, चिकट, केसांत गुंडाळलेले, बोटाच्या पेराएवढे लांब. मावशींनी ते कागदावर ठेवले आणि म्हणाल्या, "किती जणांचं आहे हे!" मग दुसरी बाजू पुसायला त्यांनी चाक रेटले आणि ते फिरले.

"फिरतंय की हे," त्या म्हणाल्या आणि त्यांनी मला पुन्हा संगणकाला जोडले.

चाळिसाव्या पानावर त्यांचे बोट आपणहून चाकावर गेले. पान वर सरकले. खाली एक हिरवे बटण गुमान बसलेले होते. पाचला वीस मिनिटे कमी असताना मावशींनी ते दाबले आणि पट्टी शंभरावर गेली. चिठ्ठी घ्यायला आलेल्या चटपटच्या हातात त्यांनी ती कोरीच परत दिली.

पाच वाजता साहेब आले, बिस्किटाचा शेवटचा तुकडा तोंडात टाकत. कोणी करून दिले म्हणून विचारले. मावशींनी सांगितले की कोणी नाही, माऊस पुसला. साहेबांचा आवाज चढला. पाटी दिसत नाही का, काही मोडले असते तर, सरका, बघू दे मला. आणि त्यांचा तो हात माझ्याकडे आला.

मावशींनी मला तळव्याखाली झाकले.

"साहेब, आधी हात धुऊन या."

खोलीत कोणी हसले नाही. साहेबांनी पडद्यावरच्या शंभर टक्क्यांकडे पाहिले, कागदावरच्या त्या काळ्या गोळ्याकडे पाहिले आणि ते गेले. बाहेर नळ सुरू झाल्याचे मी ऐकले. नऊ सेकंदांत तो बंद झाला. अभ्यासक्रमाच्या बाराव्या पानावर चाळीस लिहिले आहेत. साहेब दारात आले, तरी मावशींनी हात उचलला नाही. त्या नुसत्या त्यांच्या बोटांकडे बघत राहिल्या. थोड्या वेळाने नळ पुन्हा सुरू झाला.

मित्रांनो, मावशी अजून बाळांच्या खोलीतच आहेत. पाटीही अजून भिंतीवर आहे. रोज सकाळी तिच्याखाली उभ्या राहून त्या मला पुसतात, आणि दुपारपर्यंत मी पुन्हा चिकट झालेला असतो. तुमच्या घरी, शाळेत माझा एखादा भाऊबंद असेलच. त्याला धरण्याआधी नळ उघडा आणि चाळीसपर्यंत सावकाश म्हणा. आम्हाला बोलता येत नाही, पण आम्ही मोजत असतो.