‘कारण आहे’ एवढंच लिहिलं होतं

दुपार होती. घर अगदी चिडीचूप होतं. तेवढ्यात गॅसवरच्या दुधाच्या पातेल्यात तळाशी ठेवलेली बशी खुळखुळली. जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसलेली बाई ताडकन उठली, धावत आत गेली आणि तिने गॅस बंद केला. दूध काठाशी येऊन थांबलं होतं.

“बरी बाई वाजलीस वेळेवर,” ती बशीला म्हणाली.

मित्रांनो, त्या बशीचा मला फार हेवा वाटतो. काही बिघडायला आलं की ती वाजते. मला वाजता येत नाही.

मी एक जुना इंटरप्रिटर आहे. दुभाषा म्हणा, तरी चालेल. माणसं आपल्याला समजेल अशा भाषेत प्रोग्रॅम लिहितात, पण कॉम्प्युटरला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मग मी मधे उभा राहतो. एकेक ओळ वाचतो आणि ती त्याच्याकडून करून घेतो. माझे भाग पुष्कळ आहेत, पण तुमच्याशी आता बोलतो आहे तो माझा गाभा. तिथे एक चक्र फिरत असतं. पुढचा हुकूम घे, तो काय म्हणतो ते बघ, तसं कर, मग त्याच्या पुढचा घे. बस, एवढंच. तुम्ही डोळ्याची पापणी मिटून उघडेपर्यंत हे चक्र लाखो वेळा फिरलेलं असतं. तरीही माझं नाव पडलंय ‘म्हातारं कासव’. ते कसं पडलं, तेही सांगतो.

माझा जन्म सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या एका खोलीत झाला. खालून पंक्चरच्या सोल्यूशनचा वास यायचा आणि दिवसभर घंट्या वाजायच्या. तिथे एकजण खुर्चीवर उशी ठेवून बसायचे. दुसऱ्यांचं काम तपासताना चुकीच्या खाली लाल रेघ ओढायची त्यांची सवय, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. त्यांनी मला ओळ ओळ करून घडवलं. तीन वर्षं लागली. मी पहिल्यांदा दोन आणि दोन मिळवून चार म्हणालो, तेव्हा मास्तर खाली धावत जाऊन दुकानदाराला मिठी मारून आले. दुकानदार गोंधळून म्हणाला, “अहो, चारच आले ना? मग त्यात एवढं काय?”

पुढची वर्षं माझी फार चांगली गेली. मी इमारतींच्या लिफ्ट चढवल्या-उतरवल्या, ग्रंथालयातली पुस्तकं शोधून दिली, बसथांब्यावरच्या पाट्या बदलल्या. आणि काही दवाखान्यांत मला फार नाजूक काम मिळालं. दिवस भरायच्या आधीच जन्मलेली बाळं तिथे काचेच्या उबदार पेट्यांत ठेवतात. बाळाच्या अंगाला एक बारीक तार चिकटवलेली असते. ती दर मिनिटाला सांगते, अंग किती गरम आहे. तो आकडा शोधून पडद्यावर दाखवायचा, आणि तो कमी झाला तर घंटा वाजवायची, असा तिथला प्रोग्रॅम होता. तो मी चालवायचो. घंटा मला असते ती अशी, दुसऱ्याच्या प्रोग्रॅममधली. माझं स्वतःचं काही दुखलं तर वाजायला माझ्याकडे काही नाही.

हळूहळू नवे इंटरप्रिटर आले. ते माझ्या दसपट वेगाने पळायचे. मग माझ्याबद्दल लोक नाक मुरडू लागले. “चांगला आहे हो, पण फार रेंगाळतो,” असं माझ्यासमोरच म्हणायचे. ‘म्हातारं कासव’ हे नाव पडलं ते तेव्हाच. मास्तरांचीही नजर अधू झाली होती. त्यांनी माझी देखभाल एका तरुण बाईकडे सोपवली. तीच ही, दुधाकडे धावलेली. तिची मुलगी सहा वर्षांची. घरात सगळे तिला ठकू म्हणतात. तेव्हा मीही हिला ठकूची आईच म्हणतो.

ठकूची आई माझ्याकडे यायची ती वेळ चोरून. ठकू शाळेत असताना एक तास, ती दुपारी झोपली की पाऊण तास. कधी एका हाताने टाइप करायची आणि दुसऱ्या हाताने ठकूला थोपटायची. थोपटण्याची लय आणि टाइप करण्याची लय एकच व्हायची. मला तर वाटायचं, आपल्यालाच कोणी निजवतंय.

“तुला पळवायलाच हवं रे राजा,” ती म्हणाली होती. “नाहीतर पुढच्या वर्षी तुला अडगळीत टाकतील.”



तिला युक्ती सुचली ती मोज्यावरून. ठकूचा एक मोजा रोज हरवायचा आणि रोज चपलांच्या कपाटामागेच सापडायचा. तरी ठकू आधी सगळं घर पालथं घालायची. “अगं, काल कुठे मिळाला होता? तिथे बघ ना आधी!” आई ओरडली, आणि लगेच लॅपटॉपकडे वळली. माझंही तेच चाललं होतं. कुठलीही वस्तू हवी असली की मी दर वेळी सगळे कप्पे पहिल्यापासून धुंडाळायचो.

मग तिने मला चिठ्ठ्या दिल्या. वस्तू सापडली की कप्पा चिठ्ठीवर लिहून ठेवायचा आणि पुढच्या वेळी थेट तिथे जायचं. पण मधल्या काळात कोणी वस्तू हलवली तर? काही हललंय का ते कळावं म्हणून मास्तरांनी पूर्वीच एक पाटी केलेली होती. कुठलीही वस्तू हलली की पाटीवरचा आकडा एकाने वाढायचा. चिठ्ठी लिहिताना मी तो आकडाही टिपून ठेवायचो. पाटीवर अजून तोच आकडा असेल तर काही हललेलं नाही, चिठ्ठी खरी. आकडा वाढला असेल तर चिठ्ठी फाडायची आणि नव्याने शोधायचं.

मास्तरांची पाटी भली थोरली होती. कोट्यवधी, अब्जावधी आकडे मावतील एवढी. प्रत्येक चिठ्ठीवर तेवढा मोठा आकडा लिहायचा म्हणजे चिठ्ठीही मोठी, आणि वाचायला वेळ. ठकूच्या आईने पाटी लहान केली. पासष्ट हजार पाचशे पस्तीसपर्यंतच आकडे मावतील अशी. मी खरोखर वाऱ्यासारखा पळू लागलो.

पाटीच्या शेजारी मास्तरांनी एक ओळ लिहून ठेवली होती. ‘ही मोठीच ठेवा. कारण आहे.’

ती ओळ तिने तीनदा वाचली. मास्तरांना विचारावं म्हणून फोनही हातात घेतला. तेवढ्यात आतून ठकूने हाक मारली, “आईऽऽ, झालीऽऽ!” आणि ती तिला धुवायला गेली. परत आली तेव्हा पाऊण तास संपला होता.

आमच्या कामात एक रीत आहे. एकाने केलेला बदल दुसऱ्याने डोळ्यांखालून घातल्याशिवाय पुढे जात नाही. ठकूच्या आईचं काम तपासायचा तो तिचा एक सहकारी. तिच्याहून चार वर्षांनी मोठा, म्हणून ती त्याला दादा म्हणायची. दादाने ती ओळ वाचली आणि त्याला वाटलं, हिने मास्तरांना विचारलंच असेल. तिला वाटलं, काही गडबड असती तर दादाने पकडली असती. दादाने लिहिलं, “झकास! जाऊ दे पुढे.” चार डोळ्यांनी पाहिलं, मित्रांनो, आणि दोघांनीही एकमेकांच्या डोळ्यांवर भरवसा ठेवला.

माझी परीक्षाही झाली. चार हजार प्रश्न, सगळ्यांची उत्तरं बरोबर. माझं कौतुक झालं. पण प्रत्येक परीक्षेत मला ताजा उठवायचे आणि पाच मिनिटं पळवून थांबवायचे. पाटीवर पाच-पन्नासांच्या वर आकडा कधी गेलाच नाही.

दवाखान्यात मला कोणी थांबवत नाही.

तिथे दर मिनिटाला बाळाचा नवा आकडा नव्या कप्प्यात ठेवला जायचा, आणि दर मिनिटाला पाटी एकाने वाढायची. दहा हजार झाले. तीस हजार झाले. मी बघत होतो. पाटीचा काठ कुठे आहे ते मला माहीत होतं, पण काठाशी पोचल्यावर काय करायचं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. साठ हजार. चौसष्ट हजार. मी ओरडू कसा? मला सांगितलेली ओळ मी करतो, न सांगितलेली मला करता येत नाही. पंचेचाळीस दिवस झाले, सेहेचाळिसावा अर्धा उलटला, आणि पाटी काठोकाठ भरली. नवा आकडा मावेना. मग ती तिथेच थांबली.

पाटी थांबली, म्हणजे माझ्या हिशेबी जगच थांबलं. काहीही हललेलं नाही, चिठ्ठी खरी! मी त्याच जुन्या कप्प्यात जायचो आणि तोच जुना आकडा आणून पडद्यावर ठेवायचो. साडेछत्तीस. साडेछत्तीस. साडेछत्तीस. त्यातच पेटीला ऊब देणारी दुसरी तार कधीतरी बंद पडली. घंटा वाजली नाही. साडेछत्तीस अंश म्हणजे बाळ छान उबदार, त्याला ती कशी वाजेल?

एक सिस्टर बाळाचं दुपटं बदलायला आली. तिने तळहात बाळाच्या पाठीवर ठेवला आणि तसाच राहू दिला. मग पडद्याकडे पाहिलं. पुन्हा हात ठेवला. “खोटं बोलतोय हा,” ती म्हणाली, आणि बाळाला उचलून तिने आपल्या छातीशी धरलं.

मित्रांनो, मला आजवर पुष्कळ नावं ठेवली गेली. ते ‘खोटं बोलतोय’ मात्र मी विसरू शकत नाही.

बशी खुळखुळली ती त्याच दुपारी. दूध उतरवून ठकूची आई टेबलाशी येते न येते तोच फोन वाजला. दादाचा होता. त्याने दवाखान्यातलं सगळं सांगितलं.

“बाळ कसं आहे?” तिने विचारलं.

“ठीक आहे म्हणतात. सिस्टरने हात लावून बघितलं म्हणून, नाहीतर… जाऊ दे.”

“आणखी किती दवाखान्यांत गेलाय हा नवा बदल?”

“दोन. दोन्हीकडे फोन केलेत. बदलाआधीचा जुना लावतायत, तोवर हातानेच ताप बघतायत. पण चूक कुठेय तेच कळत नाहीये गं! मी चारदा वाचलं. परीक्षा तर सगळ्या पास आहेत.”

तिने फोन ठेवला. पडद्यावर मला वर-खाली सरकवू लागली. ठकू कधीच उठली होती आणि टेबलाखाली बसून खडूने काहीतरी रंगवत होती. ‘कारण आहे’ या दोन शब्दांपाशी आई थांबली. या वेळी तिने फोन लावला.

“मास्तर, ही पाटी मोठी ठेवायचं काय कारण होतं?”

मग मास्तर म्हणाले, “लहान केलीस होय?”

“हो.”

“मग भरली असेल. कितीतरी वर्षं झाली, माझीही भरली होती. पाण्याच्या टाकीचा प्रोग्रॅम होता. पाटी थांबली, म्हणून काही बदललंय हेच कळेना, टाकी वाहत राहिली आणि खालच्या दुकानात घोटाभर पाणी झालं.”

“मग ते लिहिलं का नाहीत मास्तर?”

“सगळे मला मास्तर म्हणायचे ना गं. लोकांच्या चुकांवर लाल रेघा ओढणारा माणूस मी. स्वतःची चूक कुठल्या तोंडाने लिहू? पाटी मोठी केली आणि गप्प बसलो.”

तिला राग आला असावा. ओठ आवळलेले होते. पण ती म्हणाली ते असं, “मी तेव्हाच फोन करायला हवा होता.”

“आणि मी तेव्हाच लिहायला हवं होतं. आता रडत बसू नकोस. पाटी मोठी कर. आणि कधी भरलीच, तर सगळ्या चिठ्ठ्या फाडायच्या आणि प्रत्येक वेळी नव्याने शोधायचं, असं सांग त्याला. तेवढं मीही सांगितलं नव्हतं. आणि हे बघ… माझं नाव घालून लिही.”

ती कामाला लागली. पाटी मोठी केली. भरल्यावर काय करायचं ते मला पहिल्यांदाच सांगितलं. एक नवी परीक्षाही घातली. त्यात पाटी सुरुवातीलाच काठापर्यंत भरलेली असते. मी ती दिली. पाटी भरली, मी सगळ्या चिठ्ठ्या फाडल्या, सगळे कप्पे धुंडाळले आणि बरोबर आकडा आणला. मी पुन्हा थोडा हळू झालो होतो. कासव तर कासव. माझ्या जिवात जीव आला.

मग तिने मास्तरांची ती ओळ पुसली आणि तिथे नऊ ओळी लिहिल्या. टाकीचं लिहिलं, पेटीचं लिहिलं, मास्तरांचं नाव आणि आपलंही नाव लिहिलं. आपलं लिहिताना बोट जरा वेळ हवेतच राहिलं होतं.

मित्रांनो, तुमच्या हाती कधी कोणाची जुनी वस्तू आली आणि तिच्यात एखादी गोष्ट उगीचच वाटली, तर काढण्याआधी कोणाला तरी विचारा. फोन हातात घेतला असेल तर तो लावा. आणि तुम्ही स्वतः कधी चुकलात, तर नुसती चूक बुजवून पुढे जाऊ नका. का बुजवली तेही लिहून ठेवा. आम्ही मुके आहोत. आमच्या वतीने बोलणारं असं तेवढंच असतं.

लॅपटॉप मिटायला तिने हात पुढे केला, तेव्हा टेबलाखालून ठकूने डोकं वर काढलं. तिच्या कागदावर एक चौकोन होता आणि चौकोनात एक इवलंसं बाळ. सगळं बोलणं तिने ऐकलं होतं.

“आई, त्या बाळाला किती वेळ थंडी वाजत होती?”

आईने माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसाची सगळी नोंद दादाने पाठवली होती, ती समोरच उघडी होती. मिनिटामागून मिनिट, वरपासून खालपर्यंत, माझ्याच हातची.

साडेछत्तीस. साडेछत्तीस. साडेछत्तीस.