ओलं वजन, कोरडं वजन

मी एक जुना वजनकाटा आहे, आणि मित्रांनो, मी रागावलेलो आहे. आपली कहाणी सांगणाऱ्यानं गोड बोलावं म्हणतात. मला ते आज जमणार नाही.

माझा चौथरा लोखंडाचा, दांडी पितळेची. कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं, धान्याच्या गुदामात जाईन. पोचलो एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात, लाँड्रीत. मळक्या चादरींची गाठोडी जोखण्यात माझी तीस वर्षं गेली. लाँड्रीतले मामा दांडीवरचं वजन सरकवायचे आणि गाठोड्याला चिठ्ठी बांधायचे. चिठ्ठीवर आकड्यापुढे हटकून एक शब्द असे, ‘ओलं’ नाहीतर ‘कोरडं’. मशीनमध्ये किती घालायचं ते त्यावर ठरे. मामा म्हणायचे, “ओल्या चादरीचं वजन चादरीचं नसतं, पाण्याचं असतं.”

मग माणसं येऊ लागली. हृदयाच्या वॉर्डातला काटा दीडशे किलोंच्या पुढे सांगत नाही. त्याहून जड माणसाला लिफ्टनं खाली आणायचं, गाठोड्यांतून वाट काढायची आणि खुर्चीसकट माझ्यावर चढवायचं. मान खाली घालायचे ते बिचारे आजारी. घालायला हवी होती दुसऱ्यांनी.

पहिला आला तो एक पोस्टमन. अकरा महिन्यांत अकरा वेळा आला. दर वेळी दांडीवर हात ठेवून म्हणायचा, “आज तरी दया कर रे बाबा.” मी कुठली दया करणार? बाराव्या महिन्यात त्याची नुसती चादर आली. मी तिचंही वजन सांगितलं.

त्याच्यामागून गाण्याच्या बाई आल्या. शाळेत गाणं शिकवायच्या. आता एका ओळीत तीनदा दम लागायचा. त्यांचं हृदय इतकं थकलं होतं, की नवं बसवण्यावाचून इलाज नव्हता. हृदयाच्या डॉक्टरीणबाई म्हणत, “वजन एकशे दहाच्या खाली आणा, मग नव्या हृदयाच्या यादीत नाव घालते.” चालवत नाही, वजन उतरत नाही, म्हणून पोट लहान करण्याचं ऑपरेशन करावं, तर पोटाचे सर्जन म्हणत, “असल्या हृदयाला भूल कशी देऊ? आधी हृदय सुधारून या.” इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोघांच्या हातात माझाच आकडा. पोस्टमनच्या वेळीही हेच झालं होतं. माझा आकडा ढालीसारखा धरत होते ते. मला लोखंड असून घाम फुटायचा.

पाचव्या महिन्यात खुर्चीचं वजन वजा जाता दांडी एकशे बहात्तरवर स्थिरावली. आधीच्यापेक्षा चार किलो जास्त.

सिस्टर म्हणाल्या, “बाई, खरं सांगा. चोरून खाताय ना?”

बाईंबरोबर आलेली त्यांची धाकटी बहीण उसळली. “ताईचा डबा मी भरते. पाखरू तरी जास्त खाईल.”

“खाते की चोरून,” बाई धापा टाकत म्हणाल्या, “तुमची बोलणी. घरी सांगत नाही.”

मामा गाठोडं सोडून आले, खाली बसले. “ताई, पाय बघू?” त्यांनी पायमोजा उतरवला, नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला.

“सिस्टर, हे गाठोडं ओलं आहे.”

“मामा, माणसाला गाठोडं म्हणता?”

“मी कुठं म्हणतोय? तिला गाठोड्यांच्या काट्यावर कुणी पाठवलं?”

त्यांनी नेहमीसारखी चिठ्ठी लिहिली, ‘१७२, ओलं’, आणि खुर्चीच्या हाताला बांधली. बाईंनी ती वाचली. थांबत थांबत गुणगुणल्या,

ओली गं चादर, दोरीला झाला भार,
उन्हाची वाट बघ, हलकी होशील पार.

चिठ्ठी वर गेली. तासाभरात डॉक्टरीणबाई स्वतः खाली आल्या. ही लाँड्री त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. त्यांनीही अंगठा दाबला. खळगा पुन्हा तसाच राहिला. थकलेल्या हृदयाला पाणी उपसवत नाही, ते अंगात साठतं, हे त्यांना शिकवायला नको होतं. फाईल दर महिन्याला उघडत होती. पायमोजा कुणी उतरवला नव्हता.

त्यांनी सर्जनना तिथंच बोलावून घेतलं.

“आधी हिच्या अंगातलं पाणी काढते. मग तुम्ही ऑपरेशन करा. मी शेजारी उभी राहीन.”

“टेबलावर गेली तर?”

“आणि आपल्या दोघांकडे खेटे घालता घालता गेली तर?”

सर्जननी बाईंची फाईल मागून घेऊन चाळली. मग म्हणाले, “हृदयाच्या रोग्यांना भूल देणारा माणूस हवा. हृदयाला आधार देणारं मशीन तयार हवं.”

“दोन्ही देते.”

मित्रांनो, जेमतेम वीस मिनिटांचं बोलणं. पोस्टमन जिवंत असताना ही वीस मिनिटं कुठं होती?

नऊ दिवसांत औषधांनी सोळा किलो पाणी उतरलं. ऑपरेशन झालं. बाईंनी आठ दिवस अतिदक्षता विभागात काढले, दोनदा सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळवलं आणि घरी गेल्या.

चौदा महिन्यांनी त्या आपल्या पायांनी आल्या. आता वॉर्डातल्या काट्यावर मावत होत्या, तरी हट्टानं खाली आल्या. दांडी एकशे नऊवर थांबली. मामांनी चिठ्ठी लिहिली, ‘१०९, कोरडं’. ती घेऊन बाई यादीत नाव घालायला गेल्या. जिना चढताना तेच गाणं म्हणत होत्या. एका ओळीत एकदाच थांबल्या.

नवं हृदय अजून मिळालेलं नाही. मी वाट बघतो आहे, आणि माझा राग गेलेला नाही.

जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मला पुसू नका, तेलही घालू नका, तसाच गंजेन. पण ज्याला माझ्यावर उभं कराल, त्याचे पाय आधी बघा.