पाट्याखालचा आवाज

गुरुवार हा पुठ्ठ्याचा वार. त्या दिवशी नगरपालिकेची मोठी गाडी ओल्या कचऱ्याला हात लावत नसे. बाजारपेठेतल्या दुकानांमागे चाकांचे मोठे डबे ठेवलेले असत. त्यांतली खोकी, पुठ्ठे, कागद तेवढे उचलायचे आणि दाबून दाबून यार्डात न्यायचे. गाडी चालवायला दीर आणि मागे उभी राहायला वहिनी. नवरा गेल्यावर त्याच्या जागी तिला घेतलं होतं. धाकटा दीर आधीपासूनच ड्रायव्हर होता. तो घरच्या सवयीने तिला वहिनी म्हणायचा, म्हणून मुकादमही म्हणू लागला, आणि बघता बघता ती अख्ख्या बाजाराची वहिनी झाली.

मागचं काम तसं सोपं होतं. डबा ढकलत आणून गाडीच्या दोन लोखंडी हातांत अडकवायचा. दांडा ओढला की ते हात डबा उचलून गाडीच्या तोंडात उलटा करतात. मग हिरवं बटण दाबायचं. वरून जाड लोखंडी पाटा खाली येतो आणि तोंडातलं सगळं चुरडत आत रेटतो. हिरव्याच्या शेजारी लाल बटण होतं. इतक्या वर्षांत ते तिने फक्त गाडी धुताना पुसलं होतं.

बाजाराच्या टोकाला फ्रीज-मिक्सरचं दुकान होतं आणि वर दुकानदाराचं घर. त्या सकाळी दुकानदाराची बायको मागच्या दारात वाटच बघत उभी होती.

"सगळं न्या हं वहिनी. काही मागे ठेवू नका," ती हळू आवाजात म्हणाली. "आणि जरा लवकर. आमचे बाबा यायच्या आत."

वहिनीला हसू आलं. बाबा म्हणजे या बाईचे सासरे. त्यांना कुठलंही खोकं टाकवत नसे. ते उलगडून, सपाट करून, सुतळीने बांधून जिन्याखाली रचायचे. कधीतरी उपयोगी पडेल, एवढंच त्यांचं म्हणणं. जिन्यावरून माणसांनी जायचं कसं, हे सुनेचं म्हणणं. यावरून दोघांचं रोज वाजायचं आणि दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला ते फुकट ऐकायला मिळायचं. आदल्या संध्याकाळी सासरे फिरायला गेलेले बघून सुनेने जिन्याखालचा सगळा ढीग उचलून डब्यात टाकला होता.

डबा काठोकाठ भरला होता. वर फ्रीजचं भलंमोठं खोकं आडवं पडलेलं. वहिनीने जोर लावला तर डबा हलेना. दीर केबिनमधून उतरून आला, त्याने खांदा लावला.

"फ्रीजच टाकलाय की काय आत," तो म्हणाला.

"भिजलेत वाटतं पुठ्ठे."

डबा अडकवून तो परत केबिनमध्ये गेला. वहिनीने दांडा ओढला, डबा उलटा झाला, खोकी धडधडत तोंडात पडली. रिकामा डबा खाली आला. तिने हिरवं बटण दाबलं.

पाटा खाली आला. पुठ्ठे मोडतानाचा कडकड आवाज तिच्या कानांना इतका सवयीचा होता की तो तिला ऐकूही येत नसे. म्हणूनच त्यातला दुसरा आवाज तिला ऐकू आला. "अरे." मोठ्याने नव्हे. गर्दीत कुणी पायावर पाय दिल्यावर माणूस म्हणतो, तसा.

तिचा हात लाल बटणावर कधी गेला, तिला कळलं नाही. पाटा अर्ध्यात थांबला.

"काय अडकलं?" दिराने खिडकीतून विचारलं.

"भाऊजी, गाडी बंद करा."

"अहो, झालं काय?"

"आधी बंद करा."

इंजिन थांबलं. दोघं गाडीच्या तोंडाशी उभं राहून कान देऊन ऐकू लागली. आत काही हलत नव्हतं. दाबलेला एखादा पुठ्ठा हळूच सैल होत होता, त्याची करकर तेवढी. मागे दुधाची गाडी येऊन थांबली आणि हॉर्न वाजवू लागली.

"आत माणूस आहे," वहिनी म्हणाली.

"मांजर असेल."

"मांजर 'अरे' म्हणत नाही."

दीर तिच्याकडे बघत राहिला. तिच्या तोंडावरचा रंग पार उडाला होता. त्याचा हात पाटा वर घ्यायच्या दांड्याकडे गेला. तिने त्याचं मनगट घट्ट धरलं.

"वर जाण्याआधी हा पाटा एक झटका खाली देतो. विसरलात?"

तो विसरला नव्हता. गाडी जुनी होती, आणि ही तिची खोड दोघांनाही ठाऊक होती. चटका बसल्यासारखा त्याने हात मागे घेतला. किल्ली काढून त्याने वहिनीच्या हातात दिली. तिने ती रुमालात गुंडाळून कमरेला खोचली.

मग तिने आत वाकून हाक मारली. "कोण आहे? कोण आहे आत?"

उत्तर आलं नाही. उत्तर न येणं हे मघाच्या आवाजापेक्षा भयंकर होतं. त्या सकाळी तिने बाजारातले किती तरी डबे उलटे केले होते, आणि प्रत्येकानंतर हिरवं बटण दाबलं होतं. आवाज याच डब्यातून आला असेल कशावरून? तिने पुन्हा हाक मारली.

तेवढ्यात दिराचा फोन वाजला. मुकादमाला कुणीतरी कळवलं होतं. दिराने फोन वहिनीकडे दिला.

"वहिनी, मांजरासाठी बाजार अडवता काय?" मुकादम म्हणाला. "यार्डात आणून ओता. मग बघू काय निघतं ते."

"ओतताना आतली भिंत सगळं बाहेर ढकलते, साहेब. जे निघेल ते तुम्हाला बघवणार नाही."

"बरं," तो म्हणाला. "मी अ‍ॅम्ब्युलन्सला आणि फायर ब्रिगेडला सांगतो. तुम्ही काय करायचं ते करा."

दोघांनी हातांनी पुठ्ठे उपसायला सुरुवात केली. पाट्याच्या कडेने जेवढं निघेल तेवढं ओढायचं आणि मागे रस्त्यावर फेकायचं. सगळं घट्ट आवळलं गेलं होतं. पुठ्ठा हातात फाटून यायचा, निघायचा नाही. दुधाच्या गाडीवाला भांडायला म्हणून उतरला आणि काय चाललंय ते कळल्यावर शर्टाच्या बाह्या सरसावून मदतीला लागला. चहावाला आला. न्हावी वस्तरा हातात घेऊनच आला, आणि त्याच्यामागे अर्ध्या दाढीला साबण लावलेलं गिऱ्हाईक.

'गाडीत माणूस' ही बातमी बाजारभर पसरायला वेळ लागला नाही. मग जो तो आपापली माणसं शोधू लागला. वरच्या खिडक्यांमधून पोरांच्या नावाने हाका सुरू झाल्या. ज्याच्या हाकेला ओ मिळत होती तो सुटल्यासारखा श्वास सोडत होता, आणि लगेच शेजाऱ्याकडे बघत होता. दिराने घरी फोन लावला. बायको म्हणाली, सासूबाई इथेच माझ्यासमोर मटार सोलत बसल्यात. त्याने 'बरं' म्हणून फोन ठेवला, आणि आपल्याला बरं वाटलं याचीच त्याला लाज वाटली.

दुकानदाराची बायको दारातच उभी होती. नवरा माल आणायला बाहेरगावी गेलेला.

"तुमच्या घरचे सगळे आहेत ना?" चहावाल्याने विचारलं.

"हो. बाबा वाचनालयापुढच्या बाकावर असतील. रोज असतात."

"मी आत्ता तिकडूनच आलो. बाकावर कुणी नाही."

तिने वर घराकडे पाहिलं, मग त्या रिकाम्या डब्याकडे. डब्याच्या जागेशेजारी एक प्लास्टिकचा क्रेट पालथा पडला होता. ती पायरीवर मटकन बसली.

"खोकी मी टाकली," ती म्हणाली. "ते घ्यायला उतरले असतील."

कुणी तिला धीर दिला नाही.

गॅरेजवाला दोन जॅक आणि लाकडाचे जाड ओंडके घेऊन आला. पाट्याखाली दोन्ही बाजूंनी ओंडके ठोकून त्याने जॅक बसवले. "आता हा खाली येणार नाही," तो म्हणाला, आणि थोडं थांबून, "येऊ नये."

पाटा आणि तळ यांच्यामध्ये फट होती ती एवढीशी. दीर आडव्या अंगाचा, गॅरेजवालाही. वहिनी काटकुळी होती. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि लगेच नजरा वळवल्या, कारण असं कुणाला सांगायचं कसं.

"मी जाते," ती म्हणाली.

"वहिनी, नको," दीर म्हणाला. "फायर ब्रिगेडवाले येतील अवजारं घेऊन."

"कधी येतील?"

तिने कमरेची किल्ली चाचपली, पदर कसून खोचला आणि आधी हात, मग डोकं असं आत घातलं.

आत तेलाचा आणि ओल्या कागदाचा वास होता. पाट्याची कड तिच्या पाठीला लागत होती. थंडगार. किल्ली माझ्याकडे आहे, ती मनात म्हणत राहिली, किल्ली माझ्याकडे आहे. तरी प्रत्येक इंच पुढे सरकताना तिला वाटत होतं, आता हिरवं बटण दाबलं जाणार. जीव मुठीत धरून तिने फ्रीजच्या खोक्याचा कोपरा फाडला आणि हात आत घातला. हाताला कापड लागलं. मग कापडाखाली काहीतरी ऊबदार.

ती थबकली. ऊब आत्ताची की मघाची, तिला कळेना.

"बाबा?"

बऱ्याच वेळाने, अगदी जवळून, आवाज आला. "कोण?"

"मी वहिनी. कचऱ्याच्या गाडीवरची."

"पाय अडकलाय माझा," म्हातारा म्हणाला. मग धाप लागल्यासारखा थांबून, "घरात सांगू नका. सून रागावेल."

बाहेर सगळे श्वास रोखून होते, त्यामुळे ते शब्द पायरीपर्यंत ऐकू गेले. दुकानदाराच्या बायकोने दोन्ही हातांनी तोंड दाबलं, तरी हुंदका बाहेर आलाच.

पुढचं काम सावकाश झालं. वहिनी आतून एकेक तुकडा फाडून पायाने मागे सारत होती, दीर ओढून घेत होता. ती म्हाताऱ्याशी बोलत राहिली, काहीबाही. तो गप्प झाला की ती पुन्हा हाक मारत होती. तो तुटक तुटक सांगत होता. पहाटे क्रेटवर चढून खोकं ओढताना तोल गेला, डोक्यावर आत पडलो. हाका मारल्या. वरून खोकं पडलं होतं, कुणाला ऐकू गेल्या नाहीत. मग डोळा लागला की शुद्ध गेली, कोण जाणे.

अ‍ॅम्ब्युलन्स आणि फायर ब्रिगेड आली तोवर त्याचं डोकं आणि छाती मोकळी झाली होती. पाट्याने धरला होता तो डावा पाय. फायर ब्रिगेडवाल्यांनी पाटा कापून त्याला बाहेर काढला. स्ट्रेचर जाताना सून सासऱ्याचा हात धरून सोबत अ‍ॅम्ब्युलन्समध्ये चढली. बाजारात रस्ताभर पुठ्ठे पसरले होते. वहिनी खाली उतरली, दोन पावलं चालली आणि रस्त्याच्या कडेला बसून ओकली.

म्हातारा वाचला. पायाची हाडं जुळली, पण नीट नाही. तो काठीशिवाय चालेनासा झाला. इस्पितळातून तो घरी आल्यावर एका दुपारी दुकानदाराची बायको वहिनीच्या घरी आली.

"तुम्ही थांबला नसतात तर," ती म्हणाली.

"दाबलं तर मीच होतं."

"टाकलं मी होतं."

वहिनीने चहा केला, तो दोघींनी घेतला. जाताना ती बाई दारात थांबली. "रात्री तो पुठ्ठ्यांचा आवाज ऐकू येतो मला," म्हणाली. वहिनी म्हणाली, "मलाही."

नवा पाटा बसवून गाडी परत आली, पण पुढचे काही गुरुवार वहिनी बटणापर्यंत हात नेऊ शकली नाही. दीर केबिनमधून उतरून यायचा, बटण दाबायचा आणि परत जायचा. त्याने एकदाही कुरकुर केली नाही. मुकादमाने तिला झाडूच्या कामावर घालायची तयारी दाखवली. तिने दोन दिवस विचार केला आणि नको म्हणाली. तिच्या जागी दुसरं कुणी आलं तर ते थांबेल की नाही, या विचाराने तिला जास्त भीती वाटली.

आता ती प्रत्येक डब्याचं झाकण उघडते, लांब काठीने आत ढवळते आणि मोठ्याने विचारते, "कोणी आहे का आत?" सुरुवातीला बाजारातली पोरं हसायची. गाडीला उशीर होतो म्हणून मुकादम अजूनही बोलतो. ती ऐकून घेते. विचारून झालं की ती थांबते, मनात सावकाश श्वास मोजत. आतून काही येत नाही. त्या शांततेचा तिला आजही भरवसा वाटत नाही. ती पुन्हा एकदा विचारते. मग डोळे उघडे ठेवून बटण दाबते, आणि पाटा पूर्ण आत जाईपर्यंत दुसरा हात लाल बटणावरून काढत नाही.