बहनजींच्या मनगटावरची जागा

मी एक जुने मनगटी घड्याळ आहे. बायकांचे, चावीचे, बोराएवढ्या तबकडीचे. मित्रांनो, माझा स्वभाव जळका आहे हे आधीच सांगून ठेवते. इतर वस्तू आपली कहाणी सांगताना 'मी सर्वांवर सारखेच प्रेम केले' असे म्हणतात. म्हणू देत बापड्या. मी एकाच मनगटावर प्रेम केले आणि त्या मनगटाजवळ जो जो आला त्याच्यावर मनापासून जळले.

माझा जन्म दूर दक्षिणेतल्या एका कारखान्यात झाला. डोळ्याला भिंग लावलेल्या मुलींनी चिमट्याने माझी चक्रे बसवली. तिथून मी नागपूरला, सीताबर्डीवरच्या एका दुकानाच्या काचेत आले. तिथे प्रतिभाने मला पाहिले. ती सौंसरची मुलगी. लग्न होऊन पांढुर्ण्याला आलेली आणि तिगावच्या शाळेत नुकतीच मास्तरीण झालेली. पहिला पगार हातात पडला तेव्हा तिने साडी घेतली नाही, मला घेतले. ह्याचा मला आजही गर्व आहे.

मग सुखाचे दिवस सुरू झाले. सकाळी ती मला चावी द्यायची, कानाला लावून टिकटिक ऐकायची आणि डाव्या मनगटावर तबकडी आतल्या बाजूला करून बांधायची. पांढुर्ण्याच्या फलाटावर संत्र्यांच्या पेट्यांच्या वासात आम्ही पॅसेंजरची वाट बघायचो. पुढचेच स्टेशन तिगाव. घरी तिला सगळे 'सूनबाई' म्हणत. शाळा मात्र मराठी-हिंदी दोन्हींची, तिथे ती 'बहनजी' होती. तास कधी संपवायचा, मधली सुट्टी कधी द्यायची, हे ती मला विचारून ठरवायची. चपराशी मोतीरामसुद्धा घंटा देण्याआधी दारातून विचारायचा, "बाई, तुमच्या घड्याळात किती वाजले?" भिंतीवरचे मोठे घड्याळ तेव्हा तोंड पाडून लटकत असे. मला फार बरे वाटे.

माझी पहिली सवत म्हणजे हिरव्या बांगड्या. प्रतिभाला दिवस गेले, डोहाळजेवण झाले आणि कासाराने दोन्ही हात कोपराच्या दिशेने भरून टाकले. मला जागाच उरली नाही. बाळंतपणाला ती माहेरी सौंसरला गेली तेव्हा मलाही नेले, पण पेटीत. मी मनात म्हणाले, काचेच्या आहात, आज ना उद्या फुटाल.

बांगड्या फुटल्या खऱ्या, पण तोवर मंजू आली होती.

लेकीला घेऊन प्रतिभा पांढुर्ण्याला परतली. एकदा तिने हौसेने मला बांधले आणि पोरीला कुशीत घेतले. माझ्या कडेचा ओरखडा मंजूच्या गालावर उमटला. केवढी रडली ती! प्रतिभाची सासू पंचफुलाबाई धावत आल्या. "काढ व ते घड्याळ! लेकराचा गाल फाडून राहिलं." प्रतिभाने मला ताबडतोब उतरवले आणि बैठकीतल्या फळीवर पावडरच्या डब्याशेजारी ठेवले. समोरच पाळणा टांगलेला होता. म्हणजे जे नको तेच मला दिवसभर बघावे लागले.

काय ते लाड! रोज तेल, रोज आंघोळ, रोज धुरी. मला तेलाचा एक थेंब मिळून वर्ष झाले होते. आणि पाचवीच्या पूजेपासून त्या मुलीच्या हातात काळ्या मण्यांच्या काय होत्या म्हणता? मनगट्या! मनगट माझे आणि नाव त्यांचे. माझा तिळपापड झाला. पण चावी कोणी दिली नाही आणि त्याच रागात मी बंद पडले.

बाळंतपणाची रजा संपली. प्रतिभाने बिनपगारी रजा घेतली, तीही संपत आली. घरात कुरबुर सुरू झाली. पंचफुलाबाईंना सुनेने नोकरी सोडायला हवी होती. त्या वाईट नव्हत्या, मित्रांनो. मला आवडत नसत, पण वाईट नव्हत्या.

"माहे दोन्ही लेकरं संत्र्याच्या बगीच्यात वाढले," त्या म्हणायच्या. "मी निंदाले जाओ अन् हा विनायक झाडाच्या झोळीत रडून रडून निळा पडे. मजबुरी होती. तुले कोणती मजबुरी आहे व?"

प्रतिभा पाळण्याची दोरी ओढत राहायची. तिचा नवरा विनायक कचेरीत बाबू होता. त्याला विचारले की तो वर्तमानपत्राआडून म्हणायचा, "तू म्हणशीन तसं." असल्या मोठेपणाचा काही उपयोग नसतो. तिला काय म्हणायचे होते तेच तिला कळत नव्हते.

"मले पोरीले सोडून जाववत नाही," ती एकदा त्याला म्हणाली, "अन् घरात राहाववत नाही. मंजूले पाजता पाजता मी मनातल्या मनात भागाकार शिकवून राहिली असते. सांगा, मी काय करू?"

"आई म्हणते तर काही दिवस राहून पाय," विनायक म्हणाला. "पुढचं पुढं."

एका दुपारी मंजू झोपली होती. प्रतिभाने मला उचलले, पदराने पुसले, चावी दिली. मी आनंदाने धडधडू लागले. तिने मला बांधले आणि रिकाम्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, जणू तिथे फळा आहे. इतक्यात पाळण्यातून कुरकुर ऐकू आली. झाले! मी पुन्हा फळीवर. त्या पोरीला नेमके तेव्हाच जागे व्हायचे होते.

पंचफुलाबाईंनी ते सगळे पाहिले. त्यांना वाटले, ही अशीच झुरत राहील, त्यापेक्षा आपणच तुकडा पाडावा. मोतीराम पांढुर्ण्याचाच. शाळेतून परतताना तो आमच्या गल्लीतूनच जायचा. त्यांनी त्याला ओट्यावर बोलावले. प्रतिभा तेव्हा मागच्या अंगणात दुपटी वाळत घालत होती.

"मोतीराम, बडे गुरुजींले सांगजो, आमच्या सुनेचा राजीनामा म्हणून. झगडा संपला म्हणा."

"बाई मानल्या काय?" मोतीरामने विचारले.

"मी सांगून राहिली ना!"

माझे काळीजच थांबले. आता मी फळीवर गंजणार. किंवा नणंदेच्या लग्नात आहेर म्हणून जाणार. पंचफुलाबाई तसे एकदा बोलूनही गेल्या होत्या. आणि प्रतिभाला तर आपली नोकरी गेली हेही ठाऊक नव्हते.

रविवारी बडे गुरुजी स्वतः आले. म्हणजे शाळेचे हेडमास्तर शुक्लाजी, दूर हिंदी मुलखातल्या रीव्याकडचे, बदली होऊन आलेले. मराठी त्यांना अर्धीमुर्धीच कळायची. हातात पेढ्यांचा पुडा होता. विनायकने त्यांना खुर्ची दिली. प्रतिभा स्वयंपाकघरात चहा ठेवत होती.

"अम्माजी," गुरुजी हात जोडून म्हणाले, "राजीनामा हो गया, सुनकर बड़ी ख़ुशी हुई. लीजिए, मुँह मीठा कीजिए."

नोकरी सोडल्याची एवढी खुशी? पंचफुलाबाई जरा चकित झाल्या, पण पेढा त्यांनी घेतला. "हो जी. मीच करवला."

"आपने बड़ा उपकार किया. मैं तो चिंता में था. पाँचवीं की लड़कियाँ रोज़ पूछती हैं."

"आता नाही पुसणार," पंचफुलाबाई पेढा चघळत म्हणाल्या.

"अब क्यों पूछेंगी! सोमवार से बहनजी आ ही रही हैं."

पंचफुलाबाईंचा घास घशातच अडकला. मित्रांनो, मी दोन्ही भाषांच्या शाळेत राहिलेले घड्याळ, मला घोटाळा तत्काळ कळला. मराठीत राजीनामा दिला म्हणजे नोकरी सोडली. पण गुरुजींच्या हिंदीत राजीनामा म्हणजे भांडणाऱ्या दोघांतला समेट, दोन्ही बाजू राजी! घरातली कुरबुर गुरुजींच्या कानावर होतीच. मोतीरामने शब्द जसाच्या तसा पोचवला होता, वर 'झगडा संपला' हेही सांगितले होते. गुरुजींनी पाचवीचा वर्ग प्रतिभाच्या नावावर लावून टाकला होता.

प्रतिभा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने सगळे ऐकले होते.

"आई, मी राजीनामा कधी दिला?" तिने हळू आवाजात विचारले.

पंचफुलाबाई पेढ्यांचा पुडा पुन्हा बांधू लागल्या. विनायकने आईकडे पाहिले, मग बायकोकडे. वर्तमानपत्र नेमके हाताशी नव्हते. गुरुजी गोंधळून म्हणाले, "क्या बात है? राजीनामा नहीं हुआ?"

मी फळीवरून ओरडत होते, बोल ग, बोल! पण बंद घड्याळाचे कोण ऐकतो? प्रतिभाने ट्रे खाली ठेवला. पाळण्याकडे पाहिले. तिचे डोळे भरले होते, पण आवाज वर्गातला होता.

"हुआ है गुरुजी," ती म्हणाली. "आपवाला."

चहा पिऊन गुरुजी गेले.

"मले न पुसता तुम्ही माह्या नोकरीवर पाणी सोडून राहिल्या होत्या," प्रतिभा म्हणाली. "मी स्वतः सोडली असती तर गोष्ट वेगळी."

"चुकलं माय," पंचफुलाबाई म्हणाल्या. "पण त्या झोळीतलं रडणं अजून माह्या कानात आहे. मंजूचं तसं नोको व्हाले."

"मंजू झोळीत नाही राहणार. पोरगी तुमच्याजवळ राहीन. तुम्ही पाहसान ना?"

पंचफुलाबाईंनी नाक ओढले. "आता काय इलाज! पेढा गिळला म्या. थुकू काय?"

सोमवारी सकाळी प्रतिभाने मला चावी दिली, कानाला लावले आणि बांधले. मंजू आजीच्या खांद्यावरून हात पुढे करून रडत होती. माझ्यासाठी तो विजयाचा दिवस होता. मी तिच्या मनगट्यांकडे एक नजर टाकली आणि निघाले.

आणि शाळेत काय सांगू! प्रतिभाने माझ्याकडे एवढे कधीच पाहिले नव्हते. हजेरी घेताना पाहिले, फळा पुसताना पाहिले, भागाकार अर्धा सोडून पाहिले. माझी छाती फुगली. मला वाटले, इतके महिने दूर होती, किती आठवण काढली असेल माझी! एकदा तर तिने मला कानाला लावले. मी जीव ओतून टिकटिक केली.

मधल्या सुट्टीत गुरुजींनी हसून विचारले, "क्यों बहनजी, घड़ी बंद है क्या? बार-बार देख रही हैं."

"चल रही है गुरुजी," ती पदर छातीवर ओढून घेत म्हणाली. "मंजू के दूध का टाइम हो गया."

मित्रांनो, तेव्हा मला कळले. सकाळपासून ती माझ्याकडे बघतच नव्हती. माझ्या काट्यांतून तिला पाळणाच दिसत होता. मी तिच्या मनगटावर होते, आणि तिथेही माझी जागा मंजूने घेतली होती. मी जळले, खूप जळले. पण ती घाबरीघुबरी होऊन पुन्हा माझ्याकडे पाहू लागली, तेव्हा बिनचूक चालण्याची मला पहिल्यांदाच लाज वाटली. आज थोडे पुढे पळून शाळा लवकर सोडता आली असती तर बरे झाले असते, असे वाटले.

म्हणून एक विनंती करते. घरातल्या जुन्या घड्याळाला रोज चावी देत जा, अधूनमधून तेल द्या, फळीवर टाकून विसरू नका. आणि तुमची आई कामावर जात असेल, तर ती तुम्हाला टाकून जाते असे तिला कधी म्हणू नका. आमच्यासारख्या घड्याळांना विचारा. ती दिवसभर कोणाकडे बघत असते ते आम्हाला ठाऊक आहे, आणि त्याबद्दल आम्ही तुमच्यावर अजून जळतो.