वरची सळई

"गाडी परत पाठवा," ती म्हणाली.

मुकादम हसला. "शेवटच्या वर्षाची परीक्षा अजून व्हायचीय, आणि मॅडमनी गाड्या परतवायला सुरुवातसुद्धा केली!"

काँक्रीटची गाडी फाटकाशी घरघरत उभी होती. तिने पट्टी पुन्हा लावली. भिंतीबाहेर झेपावणाऱ्या बाल्कनीचा स्लॅब, जाडी दीडशे मिलिमीटर. मुख्य सळया वरून पंचवीसवर हव्यात. त्या सत्तरवर होत्या. अशा स्लॅबला ताण वरच्या अंगाला बसतो. सळई इतकी दबली की ताकद तिसऱ्या हिश्श्याहून अधिक घटते, आणि काँक्रीट पडल्यावर ही चूक कोणाला दिसत नाही.

तिची साइटवरची शिकाऊ उमेदवारी संपायला तीन दिवस उरले होते. बांधकामाचे मुख्य इंजिनिअर असलेल्या साहेबांच्या डिझाइन ऑफिसात जागा एकच होती. उगाच गाडी परतवणाऱ्या विद्यार्थिनीला ती मिळण्याची शक्यता तिने शून्याच्या आसपास धरली. त्यात सळया बांधल्या होत्या तिच्या वडिलांनी.

ते जवळ आले, आवाज खाली आणून म्हणाले, "तीस वर्षं हेच करतोय, पोरी. चार माणसांत बापाचं नाक कापतेस?"

"बांधलंत बरोबर, बाबा. सळयांखालचे टेकू कमी पडले. सकाळपासून माणसं वरून चालली, जाळी खाली बसली. तुम्हीच मोजा."

वडिलांनी चष्मा नाकावर ओढला. एका जागी मोजलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. मुकादमाकडे न बघताच म्हणाले, "जाऊ दे गाडी."

"अहो मिस्त्री, तुम्ही पण लेकीच्या बाजूनं?"

"लेक म्हणते म्हणून नाही. पट्टी म्हणते म्हणून."

मुकादमाने तक्रारीसाठी साहेबांना बोलावलं. त्यांनी कोणाचंही ऐकून न घेता आधी मोजलं. सत्तर.

"कोणी पकडलं?"

"माझ्या पोरीनं," वडील म्हणाले. "चूक माझी."

साहेब तिच्याकडे वळले. "गणितं करणारे पुष्कळ येतात. परीक्षा संपली की सोमवारी ऑफिसात ये. ती जागा तुझी."

"रविवारीही चालेल," ती बोलून गेली. मुकादमसुद्धा हसला.

दुपारपर्यंत दुप्पट टेकू बसले, चालायला फळ्या पडल्या. दुसरी गाडी आली. वडील हात मागे बांधून एका बाजूच्या फळीवर उभे राहिले, तपासणीच्या वेळी तीस वर्षं प्रत्येक इंजिनिअरसमोर राहिले होते तसे. तिने बारा ठिकाणी मोजलं. पंचवीस, सव्वीस, पंचवीस. तिला घाई नव्हती.

"भरा, बाबा."

तेव्हा कुठे ते फळीवरून हलले.