क्लॅरीची शेवटची मेंढी

नेव्हिल टॉलहर्स्ट बँकेतून निवृत्त झाला, आमच्या डेनिलिक्विन गावच्या कॅमेरा क्लबचा अध्यक्ष झाला, आणि तेव्हापासून नाकानं कांदे सोलतोय. गेल्या हिवाळ्यात त्यानं कुणीतरी वापरून विकलेला मीडियम फॉरमॅट डिजिटल कॅमेरा घेतला. त्याच्यापेक्षा वीट हलकी.

"रॉन्डा, आतला सेन्सर बघ केवढा आहे," मला म्हणाला. "तुझ्या त्या खेळण्यातल्या कॅमेऱ्याचे दोन यात मावतील. अंधाराचं मला सांगू नकोस. आयएसओ सोळाशेला नेला तरी फोटो लोण्यासारखा."

आयएसओ वाढवला की कॅमेऱ्याला कमी उजेडात दिसतं, पण फोटोत रंगीबेरंगी दाणे उठतात, आणि या जुन्या धुडांमध्ये तर फारच. मला एवढं कळतं. मी मेंढ्यांच्या शेडमध्ये लोकर निवडते आणि फावल्या वेळात माझ्या छोट्या कॅमेऱ्यानं फोटो काढते.

"तपासलास कुठं?" मी विचारलं.

स्वयंपाकघराच्या खिडकीत, म्हणे. भर दुपारी, बायकोनं केलेल्या पांढऱ्याशुभ्र पावलोवा केकवर. लख्ख उन्हात अंधाराची परीक्षा घेणारा अध्यक्ष. मी तोंडावर हसले, तर आठवडाभर बोलला नाही. तेवढीच शांतता.

आमच्या शेडमध्ये क्लॅरी मॅकिनर्नी बावन्न वर्षं मेंढ्या कातरत होता. मनगटं गेली, डॉक्टरनं बस म्हणून सांगितलं. त्याची मुलगी लॉरेल पर्थला असते. लहानपणीच आई तिला घेऊन गेली, त्यामुळे बापाला कामावर तिनं कधी पाहिलेलं नाही. "एक फोटो हवाय," क्लॅरी म्हणाला. "मी आणि मेंढी. माझं तोंड दिसलं पाहिजे, बास."

नेव्हिलनं लगेच काम स्वतःकडे घेतलं. माझं नाव कुणी काढण्याआधीच.

म्हातारा कातरणारा काम सोडतो तेव्हा त्याच्या शेवटच्या मेंढीला बाकीचे आपापली यंत्रं बंद करून उभे राहतात. ते एकदाच होतं. फोटो बिघडला म्हणून लोकर पुन्हा अंगावर चढवता येत नाही.

शेडमध्ये उजेड म्हणजे पत्र्याच्या फटीतून येईल तेवढा. फ्लॅशला मेंढ्या बुजतात. नेव्हिलनं तिवई लावली, आयएसओ सोळाशे केला आणि उजेडाचं माप घेतलं ते थेट लोकरीवर. "पांढरं जळता कामा नये," आम्हाला शिकवत होता. पांढऱ्यावर माप घेतलं की कॅमेऱ्याला वाटतं उजेड मुबलक आहे, आणि बाकी सगळं काळवंडतं. क्लॅरीचं तोंड तर खाली, मेंढीवर वाकलेलं.

"नेव्हिल, तोंडावर माप घे. लोकर गेली खड्ड्यात."

"बाई, ते खेळणं घेऊन बाजूला हो, तुझी सावली पडतेय. काळं मी घरी कॉम्प्युटरवर उजळतो. एवढ्या मोठ्या सेन्सरात सगळं असतं."

क्लॅरीच्या क्षणाला भांडण नको म्हणून मी सरकले. खरं सांगायचं तर, एवढा मोठा कॅमेरा आहे, तोंड काढेलही, असंही मनात आलं. कॅमेरा मी ॲप्रनच्या खिशात घातला. यंत्रं थांबली. क्लॅरीनं सावकाश, एकदाही न ओरखडता मेंढी कातरली आणि सोडून दिली. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

नवव्या दिवशी दुपारच्या जेवणाला नेव्हिल फ्रेम घेऊन पबमध्ये आला. लोकर अप्रतिम, तंतू न् तंतू मोजून घ्या. आणि तोंडाच्या जागी जांभळे पट्टे, त्यावर हिरवे-तांबडे दाणे. डोळे कुठले आणि नाक कुठलं, देवालाच माहीत.

"जुन्या सेन्सरचा बाज आहे तो," नेव्हिल म्हणाला. "जाणकारांना कळतो." असा मूर्ख या जिल्ह्यात दुसरा नाही, आणि मी ते सगळ्यांदेखत म्हणाले.

क्लॅरीनं चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. "लोकर छान आलीय," म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "रॉन्डा, तुझ्याकडे असेल ना एखादा? तू समोरच होतीस. कॅमेरा होता की तुझ्या हातात."

"नाही," मी म्हणाले.

"का गं?"

नेव्हिल कांगारूच्या स्टेकचा तुकडा कापत होता. त्या मूर्खाचं मी ऐकलं होतं, हे सांगायला माझी जीभ रेटली नाही.